कचेरीसमोरची येळवस

जानेवारी लागला की आमच्या रस्त्यावर पहारीचा आवाज येतो. मंडपवाल्याचा माणूस फुटपाथवरचे सिमेंटचे ठोकळे उचकटतो, खाली वीतभर खड्डा करतो आणि त्यात बांबू रोवतो. सव्वीस जानेवारी उलटली की बांबू जातात, ठोकळे परत बसवले जातात. पण एकदा हललेला ठोकळा पुन्हा नीट बसत नाही, त्यामुळे आमच्या दारासमोरचा फुटपाथ बारा महिने डुगडुगतो. आज सकाळी मी कणीक मळत होते तेव्हा तो आवाज आला. तशाच पिठाच्या हातांनी खिडकीशी गेले. कोण बसणार ते अजून दिसत नव्हतं. चार बांबू होते आणि गुंडाळलेली सतरंजी होती.

"दरवर्षीचंच आहे," हे पेपरातून मान न काढता म्हणाले. माझ्या नवऱ्याला एखादी गोष्ट दरवर्षीची आहे म्हटलं की बरं वाटतं. मला नेमकी त्याचीच धास्ती वाटते.

लातुरात कलेक्टर कचेरीच्या रस्त्यावर आमचं घर आहे. एका अंगाला कोर्ट, दुसऱ्या अंगाला सरकारी इमारती, समोर कचेरीचं फाटक, आणि मध्ये आम्ही, कुणीतरी उचलायला विसरल्यासारखे. सासऱ्यांनी ही जागा घेतली तेव्हा ते म्हणायचे म्हणे, सरकारच्या शेजारी राहिलं की बरं असतं, चोरी होत नाही आणि लाइट जात नाही. दोन्ही खरं निघालं. पण सरकारकडे निघालेलं सगळं दुःख आपल्या अंगणावरून जाईल, हे त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं. जिल्हाभरातून लोक सकाळच्या एसटीने येतात आणि कचेरी उघडायला वेळ असतो म्हणून आमच्या पायरीवर बसतात. कुणाची जमीन मोजायची राहिलेली, कुणाचा दाखला अडलेला, कुणी जिवंत असून कागदावर मेलेला. आता सगळं ऑनलाइन झालंय म्हणतात. ऑनलाइन झाल्यापासून पायरीवरची गर्दी वाढली, कारण ऑनलाइन का होत नाही हे विचारायला माणसाला स्वतःच यावं लागतं.

कितीतरी लोक आमच्या घरालाच कचेरी समजतात. लांब व्हरांडा, लोखंडी फाटक, भिंतीला तो विशिष्ट पिवळा रंग. त्यांचंही काही चुकत नाही. एकदा मी व्हरांड्यात मेथी निवडत बसले होते तर एक म्हातारे गृहस्थ आले, चप्पल बाहेर काढली आणि हात जोडून उभे राहिले. मी सांगितलं, अहो हे घर आहे, कचेरी समोर. त्यांनी समोर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तिथं जाऊन आलो, तुम्ही तरी ऐकून घ्या. मी ऐकून घेतलं. मेथीची जुडी संपली तेव्हा त्यांचंही संपलं, आणि ते पाणी पिऊन गेले. हे संध्याकाळी म्हणाले, आता दारावर पाटी लाव, तक्रार निवारण कक्ष.

चेष्टेचा भाग सोडला तर ह्या रस्त्यावर राहून माणसाला काही विद्या आपोआप येतात. घोषणांच्या आवाजावरून मोर्चा केवढा आहे ते कळतं. पोलिसांची गाडी कडुलिंबाखाली लावली तर साधं निवेदन, फाटकापुढे आडवी लावली तर प्रकरण गंभीर. उपोषणांतही जाती आहेत. साखळी उपोषणात माणसं पाळी लावून बसतात आणि आपापली पाळी संपली की कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन पोटभर जेवतात. आमरण म्हणून बसणाऱ्यांतले बहुतेक जण दोन-तीन दिवसांत उठतात. कुणी साहेब येतो, आश्वासन देतो, मोसंबीच्या रसाचा ग्लास पुढे करतो, फोटो निघतो. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनासाठी मोठी माणसं ह्याच रस्त्याने येतात, तेव्हा फुटपाथ मोकळा दिसायला हवा असतो. गावोगावच्या लोकांना हे पक्कं माहीत आहे. म्हणून मागायचं ते जानेवारीत मागायचं, अशी इथली रीत आहे. बाजारात हरभऱ्याचे ढाळे आणि बोरं यायला लागतात, थंड वारं सुटतं, आणि आमच्या दारात मंडप उगवतात.

आणि एक विद्या फक्त मला आणि माझ्या सासूबाईंना आली होती. मंडपात बाई असली की ती आधी आमचं दार शोधते. एवढ्या मोठ्या सरकारी रस्त्यावर बाईमाणसाने जावं असं एकही स्वच्छतागृह नाही. जे आहे त्याला कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर असतो. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या मागच्या दाराची कडी जानेवारीभर काढूनच ठेवायच्या.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत त्या दारातून महानंदाबाई आल्या.

पन्नाशी ओलांडलेली, उंच, सावळी बाई. उदगीरकडच्या एका लहान गावातली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, डोक्यावरून पदर. हातपाय धुऊन झाल्यावर तिने आमच्या आत्याबाईंच्या गळ्यातली तशीच डबी पाहिली आणि 'शरणार्थ अक्का' म्हणाली. आत्याबाईंचं माहेर उदगीरकडचंच, त्यामुळे दोघींचं निम्मं कानडी निम्मं मराठी असं बोलणं सुरू झालं आणि मी चहा ठेवायला उठले. महानंदाबाईंनी मला हातानेच थांबवलं. त्या सकाळपासून आमरण उपोषणाला बसल्या होत्या.

मागणं एवढंच होतं की गावातून स्मशानभूमीकडे जाणारी वाट मोकळी करून द्या. कागदावर वाट होती. जमिनीवर तिच्यात नांगर घातला गेला होता, मग बांधावर काटे पडले, मग तारा आल्या. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. त्याला बसवतात, फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे लाकडी मखरात, ताठ बसलेला तो जातो आणि बसलेलाच मातीत विसावतो. त्यासाठी चार खांदेकऱ्यांना बरोबरीने चालता येईल एवढी रुंद वाट लागते. महानंदाबाईंचा नवरा भर पावसाळ्यात गेला. तारांपाशी दुपारभर विमान थांबलं. हातापाया पडून झालं, भांडण होऊन झालं, शेवटी ओढ्यातून वळसा घेऊन जायचं ठरलं. ओढ्याच्या गाळात खांदेकऱ्यांचे पाय रुतले, विमान कलंडलं, पुढे काही ते नेता आलं नाही.

"अक्का, त्यांना आडवं न्यावं लागलं," ती म्हणाली. "ताडपत्रीत घालून. पोतं नेल्यावानी."

आत्याबाई तिच्याजवळ सरकून बसल्या. जाताना महानंदाबाई म्हणाल्या की आता मला जगायला काही नको, फक्त माझ्या मातीला वाट पाहिजे. हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मला भीती वाटली. मागणी करणाऱ्याचा आवाज मला ओळखता येतो. हा तो नव्हता. ही बाई तिसऱ्या दिवशी रस पिऊन उठणारी नाही, असं मी ह्यांना त्या संध्याकाळी सांगितलं, आणि ह्यांनीही त्यावर काही विनोद केला नाही.

मंडप नेमका आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होता. मध्ये फक्त रस्ता. तिची बाज, उशाशी पाण्याची बाटली, मागे कापडी फलक, आणि सोबतीला गावची तीन-चार माणसं. त्यांत तिचे दीर बसवंतअप्पा सदा दिसायचे, मफलर गुंडाळलेले, खाटेच्या पायाशी बसलेले. दुसऱ्या दिवशी मी वरणाला लसणाची फोडणी दिली. चरचरीत वास उठला, खिडकीतून बाहेर गेला, आणि मी पाहिलं तर महानंदाबाईंनी तोंडावर पदर घेतला होता. आत्याबाईंनी येऊन गॅस बंद केला. म्हणाल्या, ती बाज हितनं उठेपर्यंत ह्या घरात फोडणी नको. तेव्हापासून आम्ही सगळे, अगदी मुलंसुद्धा, उकडलेलं, बिनवासाचं जेवलो. ह्यांनी दोन दिवस काढले, मग ऑफिसातच डबा मागवायला लागले. मी सुनेच्या नात्याने आणि आत्याबाई हट्टाने, दोघी गुळमट वरण भात खात राहिलो.

खरी काळजी पुढे सुरू झाली. दारात माणूस उपाशी असताना आपण पानावर बसायचं नाही, हे आत्याबाईंच्या अंगात भिनलेलं होतं. त्यांच्या माहेरी जेवणाआधी घरातलं कुणीतरी बाहेर येऊन रस्त्याकडे बघायचं, कुणी उपाशी वाटसरू दिसला तर त्याला हाक मारायची, मगच ताटं वाढली जायची. आता त्या खिडकीतून बाहेर बघायच्या, आणि उपाशी माणूस तर समोरच होता. हाक मारायची सोय नव्हती. मग त्या ताटाशी बसायच्या, घास चिवडायच्या आणि उठायच्या. त्यांना साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ गोळी. गोळी घेऊन पोटात अन्न गेलं नाही तर काय होतं हे मी एकदा पाहिलं होतं, घामाने भिजलेल्या त्या मोरीच्या दारात बसल्या होत्या आणि मला ओळखत नव्हत्या. त्यामुळे माझा दिवस दोन बायांवर नजर ठेवण्यात जायला लागला. एक खिडकीबाहेर, एक खिडकीच्या आत. बाहेरची उठून बसली की मला बरं वाटायचं. आतलीने अर्धी पोळी खाल्ली की बरं वाटायचं. दोन्ही एकदम क्वचितच व्हायचं.

दवाखान्याची माणसं यायची, महानंदाबाईंच्या दंडाला पट्टा बांधायची, आकडा लिहून घ्यायची. आधी ती आमच्या दारापर्यंत स्वतः चालत यायची. मग आत्याबाई तिला आणायला जायला लागल्या. मग तिची एक बाजू आत्याबाईंनी आणि दुसरी मी धरायची वेळ आली. दंड हातात धरला की हाडच हाताला लागायचं. कचेरीतून रोज कुणी ना कुणी खालचा माणूस यायचा आणि मोजणीचं बघतो म्हणून सांगायचा. बोलणी चालू होती, लवकरच काही तरी ठरेल असं बसवंतअप्पा सांगत होते. आणि तेवढ्यात येळवस आली.

लातुराबाहेरच्या वाचकाला येळवस म्हणजे काय ते सांगायला हवं. वेळा अमावस्या. त्या दिवशी आमचं शहर ओस पडतं. कचेऱ्यांना सुटी, दुकानं बंद, ज्याचं शेत आहे तो शेतात आणि ज्याचं नाही तो कुणाच्या तरी शेतात. कडब्याची खोप करतात, आत पूजा मांडतात, आणि मग जेवण. हिरवे दाणे, भाज्या, चिंच घालून शिजवलेली घट्ट भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, आणि मातीच्या बिंदग्यात मुरवलेली आंबील. ज्वारीच्या पिठाची ही ताकातली आंबील त्या दिवशी कुणालाही चुकत नाही. येळवशीला ओळख-पाळख लागत नाही. रस्त्याने जाणाऱ्याला बांधावरून हाक मारतात आणि तो नाही म्हणत नाही. नाही म्हणणं हा त्या शेताचा अपमान असतो.

आम्ही दरवर्षी औशाजवळ आत्याबाईंच्या भाच्याच्या शेतात जायचो. त्या वर्षी आत्याबाई म्हणाल्या, मी येणार न्हाई. मग मीही राहिले, कारण त्यांना एकटं सोडायचा माझा धीर होईना. हे मुलांना घेऊन गेले. रस्ता इतका रिकामा झाला की वाळलेलं पान घसरत गेलेलं ऐकू येत होतं. कचेरीचं फाटक बंद. मंडपात महानंदाबाई, बसवंतअप्पा, गावची दोन माणसं आणि बंदोबस्ताचे एक हवालदार, एवढीच वस्ती. आत्याबाईंनी पहाटे उठून सगळं रांधलं होतं. फोडणी न देता. मला वाटलं घरातल्या घरात पूजा करतील. त्यांनी बिंदग्याला बाहेरून चुना लावला, हळदकुंकू लावलं, वर कापड बांधलं आणि मला भज्जीचं पातेलं घ्यायला सांगितलं.

आज मागे वळून बघताना नवल वाटतं की आम्हा कुणाच्याच मनात काही आलं नाही. येळवशीच्या दिवशी जेवायला घालणं ही विचार करून करायची गोष्टच नसते. बसवंतअप्पांची आणि त्या दोघांची पानं मांडली. हवालदार म्हणाले, माझं गाव निलंग्याकडं, यंदा ड्युटी लागली, आणि तेही बसले. शेतात पहिला मान आंबिलीच्या पूजेचा, म्हणून आत्याबाईंनी बिंदगं महानंदाबाईंच्या उशाशी ठेवलं. तिने उठून बसायचा प्रयत्न केला. आत्याबाईंनी तिच्या पाठीला आधार दिला, आणि तिने दोन्ही हातांनी बिंदगं उचलून कपाळाला लावलं. डोळे मिटलेले होते. थेंबही तिने तोंडात घेतला नाही. मी तिथे होते, मी शपथेवर सांगू शकते. ती म्हणाली, शेताचा वास आला अक्का. मग आडवी झाली.

फोटो कुणी काढला ते कधीच कळलं नाही. रिकाम्या रस्त्यावरूनही कुणीतरी जातच असतं आणि प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो सगळ्या लातुरात फिरला. चेहऱ्यापुढे धरलेलं बिंदगं, बाजूला उंडे मोडणारी माणसं, मागे उपोषणाचा फलक. खाली कुणीतरी लिहिलं होतं, उपोषणकर्त्या बाईंची येळवस जोरात. हे फोन घेऊन घरी आले आणि मला तो फोटो दाखवला. कचेरीतून त्या दिवशी कुणीच आलं नाही. चहाच्या गाड्यावर लोक हसत होते. बसवंतअप्पा विचारायला आत गेले तर त्यांना सांगण्यात आलं की बाई आंबील पितात, मग घाई कशाची.

आत्याबाईंना मी सांगायला नको होतं, पण ह्या रस्त्यावर लपवून काय राहतं. त्या मंडपात गेल्या. मीही मागे गेले. महानंदाबाई कुणावरही रागावल्या नव्हत्या. उशाची पाण्याची बाटली तिने बसवंतअप्पांच्या हातात दिली होती.

"तुमचं काई चुकलं न्हाई अक्का," ती म्हणाली. "येळवस होती, तुमी आननारच. पन आता मला पानी बी घेता येत न्हाई."

आत्याबाईंनी तिचे पाय धरले. वयाने मोठी बाई, मोठ्या जावेसारखी, आणि तिने धाकटीचे पाय धरावेत हे मला बघवेना. मी दोघींना ओरडलेच. काय बोलले आठवत नाही. आठवतं ते एवढंच की हवालदारांनी मान खाली घातली होती.

पुढचे दोन दिवस माझ्या अंगावर अजून येतात. अन्नावाचून माणूस बरेच दिवस काढतो, पाण्यावाचून नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रुग्णवाहिका येऊन उभी राहिली. महानंदाबाईंचे ओठ फुटले, जीभ कोरडी पडली, बोलणं जड झालं. इकडे आत्याबाईंनी जेवण टाकलं. गोळी मी लपवली, कारण उपाशीपोटी ती घेणं जास्त वाईट. मग वाटलं गोळी नाही दिली तर आणखी वाईट. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, त्यांना आधी खायला घाला. जसं काही ते मला सुचलं नव्हतं. मी ताट घेऊन आत्याबाईंपुढे बसले. म्हणाले, तुम्ही पडलात तर तिला वाट मिळणार आहे का?

"मी जेवले तर मिळनार हाय का?" त्या म्हणाल्या.

मी ताट ठेवलं आणि रडले. मला राग आला होता, त्यांचा, त्या बाईचा, फोटो काढणाऱ्याचा, आणि ह्या घराचा. सरकारच्या शेजारी राहायची हौस असलेल्या माझ्या दिवंगत सासऱ्यांचासुद्धा. वाटलं, हे घर दुसऱ्या कुठल्याही गल्लीत असतं तर आम्ही ही बातमी पेपरात वाचली असती, चुकचुकलो असतो आणि पोळ्या लाटल्या असत्या.

पाणी सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी नवीन इरकल नेसली आणि समोरच्या कचेरीत गेल्या. इतकी वर्षं समोर राहून त्या फाटकाच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. मी सोबत होते. जिना चढताना त्या दोनदा थांबल्या, मी त्यांच्या कपाळाला हात लावून घाम बघितला. साहेब तरुण होते, बरे होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. आत्याबाई खुर्चीत बसल्या नाहीत.

"आंबील माजी होती साहेब. तिनं कपाळाला लावली, पेली न्हाई. पेली म्हननाऱ्यानं माज्या म्होरं येऊन म्हनावं."

साहेबांनी चहा पुढे केला. त्या म्हणाल्या, ती उपाशी हाय. आणि आम्ही खाली आलो.

त्याच दिवशी दुपारी साहेब मंडपात आले. मोजणीचा हुकूम झाला, वाट मोकळी करायची तारीख ठरली, रसाचा ग्लास आला. आत्याबाईंचं बोलणं लागलं की झेंडावंदन जवळ आलं म्हणून फुटपाथ मोकळा हवा होता, हे मला आजही सांगता येत नाही. ह्या रस्त्यावरचा माझा अनुभव झेंडावंदनाचंच कारण सांगतो. पण मी ते आत्याबाईंना कधी बोलले नाही. महानंदाबाईंना रुग्णवाहिकेतून नेलं, आणि पुढे गावाकडून फोन आला की जेसीबीने वाट काढली, मुरूम टाकला, दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढी रुंद झाली. आत्याबाईंनी त्या दिवशी लसणाची फोडणी स्वतः घातली. मला वाटलं, सुटलो.

सुटलो म्हणायचं खरं, पण काळजीला एकदा जागा मिळाली की ती भाडेकरूसारखी हलत नाही. दर जानेवारीला पहार वाजली की मी खिडकीशी जाते. मुरमाची वाट आहे, डांबरी नाही. आणि ज्याने एकदा नांगर घातला त्याचा नांगर अजून गोठ्यात आहे. आत्याबाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. झोपेत, फारसा त्रास न होता. तेव्हापासून खिडकीशी मी एकटीच असते. आज कणीक तशीच टाकून मी तीनदा उठले. मंडपाला कापड चढलं, बाज आली. फलक उलटा गुंडाळलेला होता, अक्षरं दिसत नव्हती. मग एक म्हातारा आला, मफलर गुंडाळलेला, आणि बाजेच्या पायाशी बसला.

दुपारी मागच्या दाराची कडी वाजली.

मी तिला लगेच ओळखलं नाही. तोंड सुजलेलं होतं, पाय सुजलेले होते, काठी हातात होती. त्या पाणी सोडलेल्या दिवसांनी तिच्या मूत्रपिंडाचं नुकसान केलं ते कायमचंच, असं तिने मोरीतून आल्यावर सांगितलं, गुडघेदुखीबद्दल सांगावं तितक्या सहज. वाट दोन पावसाळे टिकली. मग कडेने नांगराचा एक तास आत घेतला गेला, मग दुसरा, मग मुरमावर तूर पेरली गेली, आणि ह्या दिवाळीत तारा आल्या. कुणी मेलंच नव्हतं म्हणून कुणी बोललं नाही. तिने खोलीभर नजर फिरवली.

"अक्का कुठंयत?"

मी सांगितलं. ती जमिनीवर बसली. मग तिने विचारलं, "बसवून नेलं का?"

हो म्हणाले मी. विमान सजवलं होतं, शेवंती लावली होती. दारापासून स्मशानभूमीच्या फाटकापर्यंत सलग डांबरी रस्ता, कुठे थांबावं लागलं नाही. आत्याबाई अगदी ताठ बसून गेल्या. ती मान हलवत ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आपल्याच घरचं काही चांगलं झाल्यासारखं. मी तिचा हात धरला. म्हणाले, ह्या वेळी तुम्ही नका बसू, अंगात काही राहिलेलं नाही, अप्पांना बसू द्या, गावातलं दुसरं कुणी बसू द्या, साहेबांना मी स्वतः जाऊन भेटते. खूप काही म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि काठी टेकून उठली.

"वाट झाली तर उठून जाईन," ती म्हणाली. "न्हाई झाली तर हितनंच न्या मला, माय. तुमच्या दारातनं रस्ता चांगला हाय."